आठ मागांचे पैसे

अक्कलकोट रोडच्या वजनकाट्यावर
आठ माग गेले, लोखंडाच्या भावानं.
धोटे तेवढे काटेवाल्यानं परत दिले :
लाकूड आहे, म्हणाला, याचं वजन धरत नाही.
शेडचे वेगळे. सगळे मिळून
अकरा लाख साठ हजार.
एवढ्यातून आता महिन्याचा बाजार निघायचा,
माझ्या शुगरच्या गोळ्या, सुगुणाचा चष्मा,
आणि आलाच कुणी पाहुणा
तर त्याच्यापुढं ठेवायला काही.

रविवारी भाची येते, श्रावणी.
जोडभावी पेठेत सीएकडे शिकते.
फरशीवर बसून तिनं वहीत दोन रकाने आखले.
दोन्ही ईटीएफ, दोन्ही लाभांशाचे.
एक देतो साडेपाच टक्के,
दुसरा अडीच.
पोरी, मी म्हणालो, मग यात निवडायचं काय?
सहावी नापास माणसालाही
साडेपाच मोठे दिसतात.

मामा, टक्का म्हणजे भागाकार.
खाली भाव असतो.
तो पडला की वरचं काही न वाढता
टक्का फुगतो.

मी गप्प झालो.
मंदीच्या एका वर्षी आम्हीही
सूत कमी घालून खळ जास्त चढवली होती.
टॉवेल हातात घेतला तर जड, भरीव,
गिऱ्हाईक खूश.
पहिल्या धुण्यात बादलीत पांढरं पाणी
आणि दोरीवर जाळी.

आणि नाना जॉबर होते ती गिरणी,
बंद पडायच्या आदल्या दिवाळीला
तिनं सगळ्यात मोठा बोनस वाटला होता.
नानांनी गल्लीभर पेढे वाटले.

फंडवाले स्वतःला किती ठेवतात?
एक शंभराला पस्तीस पैसे, दुसरा बारा.
सुताच्या दलालाला
याहून जास्तीचा मी नुसता चहा पाजला.

मग मी म्हणालो, उलगडून दाखव.
ठाण बाहेरून बघून घेत नाहीत.
तिनं मोबाइलवर याद्या उघडल्या.
साडेपाचात कोळसा, वीज, तेल.
अडीचात साबण, औषधं, रंग,
दहा वर्षं लाभांश न चुकवलेले,
दर साली थोडा वाढवलेले.
आणि दोन्हीत, ती जरा अडखळली,
सिगारेटची कंपनी आहे.

आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला.

एकोणतीस वर्षं सुगुणानं विड्या वळल्या,
सूप मांडीवर, दिवसाला हजार,
आणि मुकादम छाट काढायचा :
ही सैल, ही आखूड,
काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत, विड्याही परत नाहीत.
तिच्या आईचा खोकला
अजून आमच्या भिंतीत आहे.
मला वाटलं, म्हणेल, नको तो पैसा.

ती दारात आली, हात पिठाचे तसेच.
तंबाखूनं आजवर मजुरी दिली, तीही छाट काढून.
आता मालकिणीला देतात तसं
देऊ दे की काही.
मग तेलुगूत, स्वतःशीच : पोनी.
जाऊ दे.
आणि वळून तव्यावरची भाकरी बघितली, करपलेली.

दीड लाख पोस्टात ठेवले, गोळ्यांसाठी.
बाकी अडीचवाल्यात.
बरोबर केलं की नाही, माहीत नाही.
श्रावणीलाही नाही, तिनं तसं सांगितलं,
म्हणून तर तिचं ऐकलं.

घर त्यात भागत नाही.
शेजारच्या शेडमध्ये बीम बदलला की बोलावतात,
जुन्या ताण्याला नवा ताणा जोडायला.
चोवीसशे टोकं, एकेक करून,
चिमटीत पीळ द्यायचा, सोडायचा.
डोळे साथ देत नाहीत, बोटं देतात.

तीन महिन्यांनी, दुपारी,
गादीवर पडलेला मोबाइल एकदाच थरथरला.
सहा हजार तीनशे बारा.
सुगुणानं विचारलं, कुणाचा?
मी म्हणालो, साबणवाल्यांचा, रंगवाल्यांचा,
आणि तुझ्या मुकादमाचा.

तिनं चष्मा पुसला, आकडा दोनदा वाचला.
यात छाट किती काढलीय,
तेवढं त्या पोरीला विचारा.